वाघाला लघवीला कुठे जायचं?

शनिवार सकाळ, बाहेर सिद्धिविनायकाची गर्दी कमी आहे आणि घरात वायफाय चालू आहे. म्हणजे लिहायला बसायला काही सबब उरली नाही. आधीच सांगून टाकतो, आज लघवीबद्दल लिहिणार आहे. नाश्ता करता करता वाचत असाल तर आधी पोहे संपवून घ्या :)

हसण्यावारी नेतोय खरं, पण विषय हसण्याचा नाही. आणि यात चूक माझी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमचे एक काका आहेत, बाबांचे चुलतभाऊ. सगळे त्यांना तात्या म्हणतात. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. १९९९ साली कारगिलच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या पाठीत घुसला. ते तेव्हा २४ वर्षांचे होते, मी एक वर्षाचा. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून व्हीलचेअर. मी लहानपणापासून त्यांना तसंच बघितलंय, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम ठरला. जखमी जवानांचा सत्कार. मी आयोजकांत होतो. (अप्रेझल जवळ आलं की आपण सगळेच स्वयंसेवक होतो, असो.) मी उत्साहाने तात्यांचं नाव सुचवलं. गाडी पाठवली. आदल्या रात्री ते आमच्याकडे प्रभादेवीला मुक्कामाला आले. आईने चहा विचारला, नको म्हणाले. जेवताना पाणी जवळजवळ घेतलंच नाही. मला वाटलं प्रवासाने दमले असतील.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लांबला. आपल्याकडे भाषणं लांबतातच. आमचं ऑफिस जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आहे, एकदम चकाचक. सगळ्या केबिन काचेच्या. पारदर्शक कारभार! टॉयलेटच्या दाराला एक पायरी, आणि दार इतकं अरुंद की चेअर आत जाईना. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम तात्यांना स्टेजवरून 'वाघ' म्हणाल्या. टाळ्या झाल्या, शाल झाली, श्रीफळ झालं. घरी पोचायला साडेतीन वाजले.

तिसऱ्या दिवशी पहाटे तात्यांना थंडी वाजून ताप भरला. १०३. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती तासांनी नळी घालता?"

"चार-पाच तासांनी," तात्या म्हणाले.

"आणि परवा?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "सकाळी सहाला घातली हुती. मग एकदम साडेतीनला."

साडेनऊ तास. वर पाणी न पिता. लघवीत झालेलं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मी म्हटलं, "तात्या, मला सांगायचं ना." ते जे म्हणाले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "आरं बाळा, त्या म्याडम माईकवर वाघ म्हनत हुत्या. वाघानं कसं म्हनायचं, मला लघवीला जायचंय म्हनून?"

*

त्यानंतरचे काही वीकएंड मी याच विषयावर वाचत काढले. सवयच आहे, प्रॉडक्शनला इश्यू आला की रूट कॉज शोधायचा. जे सापडलं ते सोप्या शब्दांत मांडतो.

मूत्राशयाची कामं दोनच: साठवणं आणि रिकामं करणं. रिकामं करताना मूत्राशयाचा स्नायू आवळला पाहिजे आणि त्याच क्षणी खालची झडप सैल झाली पाहिजे. हा ताळमेळ मेंदूच्या तळाकडून सांभाळला जातो आणि निरोप मज्जारज्जूतून खाली येतात. मज्जारज्जू तुटला की केबल कट. मग काहींचं मूत्राशय पार ढिलं पडतं, नुसतं भरत राहतं. काहींचं त्याहून वाईट: मूत्राशय आवळायला लागतं आणि झडपही त्याच वेळी घट्ट होते. आपल्या भाषेत सांगायचं तर डेडलॉक. दोन्ही प्रोसेस एकमेकींसाठी अडून बसल्यात आणि आतला दाब वाढतोय. लघवी उलटी किडनीकडे ढकलली जाते. साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. माणूस पायामुळे मरत नाही, किडनीमुळे मरतो.

आणि अक्षरशः मरायचे. पहिल्या महायुद्धाबद्दल अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी नोंदवून ठेवलंय की कण्याला जखम झालेले ८० टक्के सैनिक पहिल्या काही आठवड्यांतच गेले. मुख्य कारणं दोन, पाठीला पडलेल्या शय्याव्रणांतला आणि लघवीतला जंतुसंसर्ग. आपल्या खडकीला अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, ती १९१७ ची, म्हणजे त्याच युद्धातली. हात-पाय गमावलेल्यांसाठी शाळा निघाली. कणा मोडलेल्यांपैकी फार थोडे अशा शाळेपर्यंत पोचण्याइतके जगायचे.

हे बदललं ते दुसऱ्या महायुद्धात. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली पळून आलेले ज्यू न्यूरोलॉजिस्ट लुडविग गुटमन यांना ब्रिटिशांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात कण्याच्या जखमांचा विभाग चालवायला दिला. गुटमननी काही जादू केली नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. आणि मूत्राशय ठरावीक वेळाने निर्जंतुक नळी घालून रिकामं करायचं, लगेच नळी काढून घ्यायची. बस. जे मरणार म्हणून कोपऱ्यात ठेवले जायचे ते जगायला लागले. जगायला लागले म्हणून खेळायला लागले. २९ जुलै १९४८ रोजी त्याच हॉस्पिटलच्या आवारात १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली, आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. म्हणजे पॅरालिम्पिकच्या मुळाशी वेळेवर घातलेली लघवीची नळीसुद्धा आहे. हे उद्घाटनाच्या भाषणात कोणी सांगत नाही.

पुढचा टप्पा १९७२ चा. गुटमनच्या पद्धतीत नळी घालायला प्रशिक्षित माणूस आणि निर्जंतुक साहित्य लागायचं. मिशिगनचे डॉ. जॅक लॅपिडीस यांनी म्हटलं की निर्जंतुक असण्यापेक्षा वेळेवर रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. मूत्राशय ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तीच जंतूंना सोय होते. म्हणून साबणाने हात धुवा, स्वच्छ नळी घ्या आणि दर काही तासांनी स्वतःच घाला. तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटला होता. आज जगभर हीच पद्धत शिकवतात. तात्याही हेच करतात, २६ वर्षं, घरी, स्वतःच्या हाताने. गाव सोडून जाता आलं, बाजारात जाता आलं, लग्नकार्यात बसता आलं, ते या १० मिनिटांच्या कामामुळे. फक्त त्यासाठी एक बंद दार लागतं.

योगायोग बघा, त्याच १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये ३७.३३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. १९६५ च्या युद्धात त्यांना कण्यात गोळी लागली होती आणि उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं ते इथेच, कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात. २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' आला तेव्हा आम्ही सगळे मित्र बघायला गेलो, शिट्ट्या मारल्या, डोळे पुसले. पेटकरांच्या खासगी गोष्टींत मला शिरायचं नाही. माझं म्हणणं माझ्याबद्दल आहे. त्या अडीच तासांत मी गोळी बघितली, तलाव बघितला, पदक बघितलं. कमरेखाली लुळा पडलेला माणूस दिवसातून पाच-सहा वेळा काय करत असेल हा प्रश्न मला पडलाच नाही. घरात तात्या असून!

*

हे झालं कण्याचं. दुसरा प्रकार थेट जखमेचा, ज्याबद्दल बोलायला तर आपली जीभच उचलत नाही.

पूर्वीच्या युद्धांत पोटात गोळी लागायची, किडनी फुटायची. आता छातीवर आणि पाठीवर बुलेटप्रूफ प्लेट असते, त्यामुळे धड बरंचसं वाचतं. पण पेरलेला सुरुंग खालून फुटतो. पाय जातात आणि पायांच्या मधलंही जातं. इराक आणि अफगाणिस्तानात २००१ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या १,३६७ पुरुष सैनिकांना मूत्रमार्ग आणि जननेंद्रियांच्या जखमा झाल्याची नोंद आहे. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जणांच्या जखमा बाहेरच्या अवयवांच्या होत्या. बहुतेकांचं वय पस्तिशीच्या आत, म्हणजे आपल्याच वयाची पोरं. ब्रिटिशांनी २०१० च्या सुमारास सैनिकांना रेशमाच्या खास अंडरवेअर दिल्या, कारण रेशमाच्या दाट विणीतून धूळ आणि बारीक खडे आत शिरत नाहीत.

अशा जखमेवर उपचार करताना डॉक्टर घाई करत नाहीत. पहिलं काम रक्त थांबवणं. दुसरं, लघवीला दुसरी वाट काढून देणं, म्हणजे बेंबीखाली छोटं छिद्र पाडून मूत्राशयात नळी. जखम पुन्हा पुन्हा धुऊन साफ करायची, जिवंत असेल तो प्रत्येक तुकडा वाचवायचा. तुटलेला मूत्रमार्ग बहुतेक वेळा काही महिन्यांनी, सगळं निवल्यावर जोडायचा.

तो जोडायला कातडं कुठून आणतात? गालाच्या आतून! तिथलं अस्तर कायम ओलं असतं, त्यावर केस नसतात, आणि तोंडातली जखम पटकन भरते. या शस्त्रक्रियेत आपलं पुणं जगात अव्वल मानलं जातं. मूत्रमार्ग पूर्ण लांबीभर अरुंद झाला असेल तर तो एका बाजूने सोडवून गालाचं अस्तर लावायची एक पद्धत जगभरचे सर्जन 'कुलकर्णी टेक्निक' म्हणून शिकतात. कुलकर्णी म्हणजे पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी. ती काही युद्धासाठी निघालेली नाही, पण फाटका मूत्रमार्ग शिवायची कला आपल्या तीन तासांच्या अंतरावर आहे एवढं तरी माहीत असावं.

मार्च २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ११ सर्जननी १४ तास खपून अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर लिंग, अंडकोषाची पिशवी आणि पोटाच्या भिंतीचा काही भाग एवढं सगळं प्रत्यारोपित केलं. वृषणं मात्र मुद्दाम बसवली नाहीत, कारण मग होणारं मूल मेलेल्या दात्याचं झालं असतं. जगात पहिल्यांदा झालेलं ऑपरेशन. पण त्या सैनिकाने आपलं नाव जाहीर होऊ दिलं नाही. हात बसवला असता तर कदाचित टीव्हीवर हात हलवत दिसला असता. त्याचा निर्णय मला पूर्ण मान्य आहे. पण लाज फक्त आपल्याच गावात आहे असं नाही, एवढं त्यातून कळतं.

*

आता सगळ्यात अवघड भाग. हा तात्या आणि काकू दोघांना विचारून लिहितोय. तात्या म्हणाले, "लिही की. नाव नको."

तात्यांचं लग्न जखमेच्या आधी आठच महिने झालं होतं. मूल झालं नाही. गावाने आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातल्या बायकांनीही वर्षानुवर्षं काकूंकडे बघून उसासे टाकले. काकूंनी सोळा सोमवार केले. मुंबईला आल्या की मंगळवारी पहाटे आमच्या इथे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभ्या राहायच्या. १८०१ साली हे देऊळ बांधायला पैसा दिला तो देऊबाई पाटील या निपुत्रिक बाईने, इतर बायकांची कूस उजवावी म्हणून. ती कथा काकूंना पाठ आहे.

त्या रांगेपासून परळचं केईएम हॉस्पिटल कितीसं लांब? टॅक्सीने १५ मिनिटं. त्याच केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली होती, कारगिलच्या १३ वर्षं आधी. १९९२ मध्ये ब्रसेल्सला एकाच शुक्रजंतूने गर्भ तयार करायचं तंत्र यशस्वी झालं. कणा तुटलेल्या पुरुषाचे शुक्रजंतू कंपनाने, विजेच्या सौम्य उत्तेजनाने किंवा सरळ छोट्या शस्त्रक्रियेने मिळवता येतात. यश मिळालंच असतं असं नाही. पण तात्या-काकूंना हे कोणीही, एकदाही, सांगितलं नाही. त्यांनीही कोणाला विचारलं नाही. विचारणार कसे? "शब्दच नव्हता रं," तात्या म्हणाले.

अमेरिका याबाबतीत फार पुढे होती असं समजू नका. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याला आयव्हीएफचा खर्च करायला १९९२ च्या कायद्याने मनाई होती. ज्या देशाने पोरांना सुरुंगावर पाठवलं त्याच देशाने मूल मात्र स्वतःच्या खर्चाने करा म्हणून सांगितलं. ती वाट २०१६ साली थोडी उघडली, तीही जखमी सैनिक आणि त्यांच्या बायका चारचौघांत बोलायला लागल्यावर.

*

एका मित्राला हा लेख आधी दाखवला. तो म्हणाला, "हे सगळं खासगी असतं यार. त्यांची इज्जत राखायची की चव्हाट्यावर आणायची?"

प्रश्न बरोबर आहे. कोणाही जवानाला त्याच्या लघवीबद्दल विचारत सुटा असं मी म्हणत नाही. पण खासगी आणि न बोललेलं यात फरक आहे. खासगी म्हणजे दार बंद करून घेता येणं. आम्ही तात्यांना ते दारच दिलं नाही. काचेच्या खोलीत शाल पांघरून बसवलं आणि त्यालाच मान समजलो. विषय झाकल्याने इज्जत राखली गेली ती आमची, किडनी गेली असती ती त्यांची.

आणि 'वाघ', 'शेर' ही भाषा आपल्याला सोयीची पडते. वाघाला काही लागत नाही. माणसाला लागतं: पुरेशा नळ्या, वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी, रुंद दार, बायकोशी मोकळेपणाने बोलणारा डॉक्टर. १९७४ पासून खडकीला कंबरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथल्या लोकांना हे सगळं माहीत आहे, ते रोज करतातच. माहीत नाही ते आपल्याला, जे वर्षातून दोनदा तिरंग्याचा डीपी लावतो.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. जखमी जवान शुद्धीवर आला की पायाबरोबरच मूत्राशय, संसार आणि मूल या तीन गोष्टींवर डॉक्टरांनी स्वतःहून बोलावं, त्याने विचारायची वाट बघू नये. मूल होण्यासाठीचे उपचार हा युद्धातल्या जखमेवरचाच उपचार समजून त्याचा खर्च देशाने करावा. आघाडीवर जाणाऱ्या ज्या जवानाला वीर्य गोठवून ठेवायचं असेल त्याला ती सोय फुकट मिळावी. आणि दिव्यांगांसाठीचा २०१६ चा कायदा आपल्या चकाचक ऑफिसांच्या टॉयलेटपर्यंत पोचावा. हे शेवटचं काम तर आपल्याच हातात आहे.

आमच्या त्या कार्यक्रमाच्या फॉर्ममध्ये मी एक कॉलम ठेवला होता: व्हेज की नॉनव्हेज. बाकी काही विचारायचं सुचलं नव्हतं. यंदा फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: 'आपल्याला दर काही तासांनी बंद खोली किंवा रुंद दाराचं टॉयलेट लागेल का?' आठ पाहुण्यांपैकी तिघांनी 'हो' वर खूण केली. टॉयलेटची पायरी काढायला बिल्डिंगवाल्यांनी अजून परवानगी दिलेली नाही, भांडण चालू आहे. तोवर आम्ही एका काचेच्या केबिनला आतून ब्राऊन पेपर चिकटवला, एक टेबल, हँडवॉश, पाण्याची बादली आणि झाकणाचा डबा ठेवला, दाराला कडी लावली. सगळा खर्च मिळून एका पिझ्झाएवढाही आला नाही.

तात्या यंदा येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. चेअर ढकलत आधी ती केबिन बघून आले, कडी लावून बघितली, काढून बघितली. मग बाहेर येऊन म्हणाले, "चा सांग रं. साखर कमी."